स्ट्रासबर्गमध्ये बारा साडेबाराला वाजतात

पॅरिसहून टीजीव्ही या वेगवान ट्रेनने पावणेदोन तास, मग स्टेशनावरून पंधरा मिनिटं चालत जुन्या शहरात. रविवार तेवढा टाळा. गुड फ्रायडे आणि २६ डिसेंबरही. बाकीच्या फ्रान्सला या दोन दिवशी सुट्टी नसते, इथे १८७१ ते १९१८ या जर्मन अमलातली सुट्टी अजून चालू आहे आणि दुकानं बंद असतात.

खरी गोची कॅथेड्रलमधल्या खगोलीय घड्याळापाशी होते. "बाराला पोचा, येशूच्या शिष्यांच्या पुतळ्यांची मिरवणूक बघा," असं सांगणाऱ्याने ती पाहिलेलीच नसते. १८४२ चं हे यंत्र स्ट्रासबर्गच्या स्थानिक वेळेवर लावलंय, त्यामुळे त्याचे बारा आपल्या मनगटावरच्या साडेबाराला वाजतात. मी पहिल्यांदा बारा पंचविसाला समोरच्या मोठ्या दाराशी गेलो. दार बंद! त्या वेळी तिकीट काढून, दक्षिणेच्या दारानेच आत सोडतात. दुसऱ्या खेपेला तिकीट होतं, पण आत शिरलो सगळ्यात शेवटी. घड्याळासमोरच देवदूतांचा कोरीव खांब आहे, त्याच्यामागे उभा राहून मी तासभर लोकांची टकलं पाहिली.

तेव्हा तिकीट सकाळीच काढा, पावणेबाराच्या आत रांगेत लागा आणि आत गेल्यावर खांबाच्या पुढची जागा धरा. आधी फिल्म दाखवतात, तेव्हा जागा सोडून हिंडू नका. मोबाइल खिशात ठेवा. अंधारात फोटो धड येत नाही. शिष्य येशूपुढून सरकतात तेव्हा डावीकडे वर बघा: कोंबडा पंख फडफडवून तीनदा आरवतो. गर्दी नेमकी तेव्हा खाली बघत असते.

पैसे घालवायचे नसतील तर दुपारी या घड्याळाच्या कुठल्याही तासाच्या ठोक्याला, म्हणजे आपल्या दीडला, अडीचला या. शिष्य दिसणार नाहीत, पण हातात हाड घेतलेला मृत्यू ठोके देताना दिसतो. मला तर तोच जास्त आवडतो.

मनोऱ्याच्या तीनशेहून जास्त पायऱ्या गुडघे धड असतील तरच चढा.

खरेदीला ट्राम 'डी' पकडून ऱ्हाइनपलीकडे जर्मनीतल्या केलला जा. २०१७ पासून ट्राम थेट जाते. साबण-टूथपेस्ट घ्यायला स्ट्रासबर्गवालेही तिकडेच जातात. पासपोर्ट जवळ ठेवा, कधीकधी तपासतात. मुन्स्टर हे इथलं उग्र वासाचं चीज मात्र परत आल्यावर घ्या. ते पिशवीत घेऊन मी एकदा ट्राममध्ये बसलो, तर शेजारची बाई दोन स्टॉपांत उठून दाराशी जाऊन उभी राहिली.