पगच्या नाकावरची वळी पुसल्यावर कोरडीही करा

पग जातीच्या कुत्र्याच्या नाकावरच्या वळीत डोळ्यांतलं पाणी आणि अन्नाचे कण साचतात. पावसाळ्यात तर दोन दिवसांत आंबूस वास सुटतो. आमच्या पगची वळी मी रोज ओल्या कापडाने पुसायचे, तरी वास जाईना. पुसल्यावर आत ओल तशीच राहत होती, हे फार उशिरा लक्षात आलं.

आता असं करते:

१. धुऊन धुऊन मऊ झालेल्या मलमलीचा तुकडा तर्जनीला गुंडाळते. कापूस नको, त्याचे तंतू आत अडकतात.

२. तो कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळते. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने वळी अलगद उचलून आतून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पुसते. कापडावर तपकिरी डाग उमटायचा थांबला की झालं. घासायचं अजिबात नाही, ती कातडी फार नाजूक असते.

३. लगेच कोरडं कापड तसंच फिरवून पाचेक सेकंद आत दाबून धरते. खरा फरक याने पडला.

वेळ रात्रीच्या जेवणानंतरची ठेवली आहे. शेवटी एक दाणा खाऊ दिला की तो स्वतःच तोंड पुढे करतो.

टाल्कम पावडर टाकू नका, ओलीने तिचा लगदा होतो. सुगंधी वाइप्सही नकोत. वळी लाल दिसली, चिकट स्राव आला किंवा कुत्रा पंजाने तोंड खाजवू लागला, तर घरचं मलम न लावता पशुवैद्याला दाखवा. डोळा अगदी जवळ असतो.