रवांडाला निघालात? या चुका टाळा

आफ्रिकेच्या नकाशावर रवांडा शोधायला भिंगच लागतं. क्षेत्रफळ २६,३३८ चौरस किलोमीटर, म्हणजे आपले पुणे आणि सातारा हे दोन जिल्हे मिळून भरतात साधारण तेवढा देश. म्हणून 'चार दिवसांत आरामात उरकेल, बाकीचं तिथे गेल्यावर बघू' असा हिशोब करून मंडळी निघतात. पण तिथे नियम खरोखर पाळले जातात, बस ठरल्या वेळी सुटते आणि 'जरा ॲडजस्ट करा'ला कोणी दाद देत नाही. बहुतेकांची फजिती इथेच होते.

पिवळ्या तापाची लस शेवटच्या आठवड्यावर ढकलणं

ही लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही. सरकारमान्य केंद्रावर पासपोर्ट घेऊन जावं लागतं आणि तिथे नंबर लागायला वेळ जातो. शिवाय प्रमाणपत्र ग्राह्य धरलं जातं ते लस टोचल्यानंतर १० दिवसांनी. खरी अडचण जाताना नाही, परतताना येते. रवांडा तर भारताच्या पिवळ्या तापाच्या यादीत आहेच, शिवाय आपल्याकडून जाताना विमान जिथे बदलतात ते इथिओपिया आणि केनियाही त्याच यादीत आहेत. प्रमाणपत्र नसेल तर मुंबईत उतरल्यावर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस एकदा घेतली की जन्मभर चालते, त्यामुळे ते पिवळं कार्ड पासपोर्टलाच लावून ठेवा. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच फेरीत डॉक्टरांशी बोलून घ्या.

व्हिसाचं काम त्या मानाने सोपं. रवांडा २००९ पासून राष्ट्रकुलात आहे आणि राष्ट्रकुलातल्या देशांच्या नागरिकांना ३० दिवसांचा व्हिसा उतरल्यावर, शुल्क न घेता देतात. असे नियम बदलतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी सरकारी संकेतस्थळावर एकदा खात्री करा. युगांडा आणि केनियाही करायचं असेल तर तिन्ही देशांत चालणारा १०० डॉलरचा पूर्व आफ्रिका पर्यटक व्हिसा बघा. मात्र मधेच टांझानियाला जाऊन आलात तर तो बाद होतो. सेरेनगेटी जोडण्याच्या मोहात अनेकांचं असं होतं.

चिवडा प्लास्टिकच्या पिशव्यांत भरणं

रवांडात प्लास्टिकच्या पिशव्यांवर २००८ पासून बंदी आहे आणि विमानतळावर त्या काढून घेतात. आपलं सामान म्हणजे पिशवीत पिशवी: चपलांना एक, ओल्या कपड्यांना एक, लाडवांना दोन. निघण्याआधी सगळं डब्यांत आणि कापडी पिशव्यांत हलवा. ड्रोन परवानगीशिवाय नेऊ नका.

गोरिलांचं परमिट 'नंतर बघू' म्हणणं

सगळ्यात महाग पडते ती ही चूक. व्होल्कॅनोज राष्ट्रीय उद्यानातलं परमिट माणशी १५०० डॉलरचं आहे. एका गोरिला कुटुंबाला दिवसाला फक्त ८ पर्यटक भेटू शकतात, म्हणून कोरड्या महिन्यांतली, विशेषतः जून ते सप्टेंबरची परमिटं कित्येक महिने आधी संपतात. विमानाचं तिकीट आधी आणि परमिट मागून, हा क्रम उलटा करा. १५ वर्षांखालच्या मुलांना सोडत नाहीत, मग पालक कितीही विनवू देत. सर्दी-खोकला असेल तरी परत पाठवतात, कारण माणसाचे आजार गोरिलांना लागतात.

दुसरी गफलत गाडीची. सकाळी ७ वाजता किनिगीच्या उद्यान कार्यालयात हजर राहायचं आणि तिथे गट ठरला की चढाई सुरू होते त्या गावापर्यंत आपल्याच वाहनाने जायचं. बसने उद्यानाजवळच्या मुसांझे शहरात येऊन मुक्काम केलेल्यांना हे आदल्या रात्री कळतं आणि मग गाडीवाला म्हणेल तो भाव मोजावा लागतो. चढाईत चिखल आणि खाजऱ्या झुडपांची गाठ आहे, तेव्हा पूर्ण बाह्या, जाड हातमोजे, मोज्यांत खोचलेली पँट. सामान उचलायला गावातला हमाल जरूर घ्या. तुम्हाला हात मिळतो आणि पैसे उद्यानाशेजारच्या घरात जातात. एवढं करून गोरिलांजवळ मिळतो एकच तास. माझ्या मते ज्याचे गुडघे धड आहेत त्याने हा खर्च करावा. नसतील तर अकागेरा राष्ट्रीय उद्यानातली सफारी बघावी. तिथे २०१५ मध्ये सिंह आणि २०१७ मध्ये काळे गेंडे परत आणून सोडले.

अंतर किलोमीटरमध्ये मोजणं

सगळा देश डोंगरांचा, आणि बसना ताशी ६० किलोमीटरला वेग बांधणारं यंत्र बसवलेलं. राजधानी किगालीहून मुसांझेला दोन-अडीच तास, न्युंग्वेच्या जंगलापर्यंत पाच तास धरा. जुनी पुस्तकं वापरत असाल तर आणखी घोळ: २००६ मध्ये शहरांची नावं बदलली. रुहेंगेरीचं मुसांझे झालं, गिसेन्यीचं रुबावू, बुटारेचं हुये. किगालीतल्या न्याबुगोगोच्या बसस्थानकावर दोन्ही नावं तोंडी असू द्या.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी ८ ते ११ प्रवास ठेवू नका. त्या वेळी उमुगांडा, म्हणजे गावोगावचं सामूहिक श्रमदान असतं. दुकानं बंद, रस्ते ओस. शहरात मोटो, म्हणजे दुचाकी टॅक्सी, सगळ्यात सोयीची, पण एका वेळी एकच प्रवासी आणि डोक्यावर हेल्मेट. भाडं बसण्याआधी ठरवा.

समोसा शाकाहारी समजणं

तिथला सांबुसा बहुधा खिम्याचा असतो. शाकाहाऱ्यांनी दुपारी 'मेलांज' गाठावं: भात, घेवड्याची उसळ, केळ्याची भाजी, बटाटे, एकदाच ताट भरून. दुसऱ्यांदा वाढून घेतलं तर पैसे पुन्हा. कसाव्याच्या पाल्याच्या इसोम्बेत मासे किंवा मटण आहे का ते विचारा. जेवण मिळमिळीत वाटलं तर 'अकाबांगा' हे मिरचीचं तेल मागा, पण थेंबानेच घाला. कोल्हापूरकरांनीसुद्धा.

पैशांचं थोडक्यात: रुपये घेऊन जाऊ नका. डॉलरच्या नोटा नव्या छपाईच्या आणि कोऱ्या हव्यात. जुन्या, दुमडलेल्या नोटा नाकारतात किंवा भाव पाडतात.

'तुम्ही हुतू की तुत्सी?'

हुतू आणि तुत्सी हे रवांडातले दोन समाज. हा प्रश्न कुणालाही, गप्पांच्या ओघातही, विचारू नका. ७ एप्रिल १९९४ पासून सुमारे शंभर दिवस चाललेल्या तुत्सींच्या नरसंहारात समोरच्याच्या घरातलं कोण गेलं किंवा कोण तुरुंगात आहे, हे तुम्हाला माहीत नसतं. किगालीत गिसोझीच्या स्मारकात अडीच लाखांहून अधिक लोक पुरलेले आहेत. तिथे सेल्फी नको, आणि त्याच दुपारी दुसरं काही बघायचं ठरवू नका. एप्रिलचा तो आठवडा शोकाचा असतो, गाणंबजावणं बंद असतं, त्यामुळे हनिमूनवाल्यांनी दुसरी तारीख काढावी. सैनिक आणि सरकारी इमारतींचे फोटोही टाळा.

किवू सरोवराकाठी रुबावूला गेलात की पलीकडे काँगोचं गोमा हाकेच्या अंतरावर दिसतं. जानेवारी २०२५ मध्ये एम-२३ बंडखोरांनी ते ताब्यात घेतलं. ज्वालामुखी बघायच्या हौसेपायी ती सीमा ओलांडू नका. बुरुंडीनेही जानेवारी २०२४ मध्ये रवांडाला लागून असलेली सीमा बंद केली, तेव्हा जुने ब्लॉग वाचून 'बसने बुजुंबुरा' असा बेत आखला असेल तर तो खोडून टाका.