वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांची यादी करताय? या चुका टाळा

कोकणात ग्रामपंचायतीचा आराखडा करताना दरवर्षी त्याच चुका बघतोय म्हणून लिहितोय. 2001 ते 2011 मध्ये राज्याची लोकसंख्या जवळपास 16 टक्क्यांनी वाढली, पण रत्नागिरी जिल्ह्याची 16,96,777 वरून 16,15,069 वर आली, सिंधुदुर्गाचीही घटली. तरी लोकं 2011 चा आकडा घेतात, वर राज्याचा टक्का लावतात आणि मोकळे होतात. असं करू नका.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे रेशनकार्डावरून माणसं मोजणं. मी स्वतः केलीय. एका गावात आजारी, एकट्या म्हाताऱ्यांच्या घरी जायचं ठरलं, वेळ कमी होता म्हणून कार्डांवरनं यादी काढली. पहिल्याच वाडीत ओळीने चार घरांना कुलूप, कडीला गंज चढलेला, अंगणात गुडघाभर गवत, माणसं सगळी मुंबईला. आणि वाडीच्या टोकाला एक आजी एकटीच राहत होती, तिचं नाव आमच्या यादीत नव्हतंच, कारण ते मुलाच्या नालासोपाऱ्याच्या कार्डावर. पायाला सूज, उंबऱ्यावर बसून भात निवडत होती, मला म्हणाली, "बाबा, माझ्याकडे कोण येत नाय." ते अजून डोक्यातून जात नाही. तेव्हापासून मी आशाताई नाहीतर अंगणवाडीताईला सोबत घेऊन संध्याकाळी वाडीत फिरतो, ज्या घरात चूल पेटते ते घर मोजतो. दोन संध्याकाळी जातात, जाऊ देत. नवीन पोरांना हे एका दुपारी एक्सेलमध्ये उरकायचं असतं, त्यांना माझं एकच सांगणं, आधी चपला घाला.

गणपतीत आणि शिमग्यात सर्व्हे करू नका, चाकरमानी आलेले असतात.

नुसता एकूण आकडा लिहू नका, वय आणि बाई-पुरुष वेगळं काढा. 2011 ला रत्नागिरीत हजार पुरुषांमागे 1122 बायका होत्या, कारण पुरुष कामाला बाहेर. मग त्या गावात काय लागणार, औषध घरपोच की नवीन व्यायामशाळा, ते तुम्हीच बघा.

श्रावणबाळचा, म्हणजे गरीब म्हाताऱ्यांच्या सरकारी पेन्शनचा, फॉर्म मंजूर झाला की काम संपलं असं समजतात, तिथेच घोळ होतो. 65 च्या वरच्या माणसाला महिन्याचे 1500 चालू होतात, पण आधार बँकेला लिंक नसेल किंवा हयातीचा दाखला राहिला तर पैसे थांबतात आणि म्हातारं माणूस कोणाला विचारणार. माझ्याकडे एक वही आहे, नावापुढे पासबुकात शेवटची एन्ट्री कधीची ते लिहितो, दोन महिने कोरे दिसले की तलाठ्याकडे जातो.

आणि ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला दिव्यांगांसाठी राखलेला 5 टक्के निधी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात घाईने खर्च करू नका, एप्रिलमध्येच त्यांच्या घरी जाऊन काय हवंय ते विचारा.