कुत्र्याला वास शिकवा, स्वतःचा चेहरा नको

श्वान पथकात नवा आलेला हँडलर, म्हणजे कुत्रा हाताळणारा, हमखास विचारतो, "वास घ्यायला कसं शिकवायचं?" ते शिकवावंच लागत नाही. वास टिपणाऱ्या पेशी आपल्या नाकात 50-60 लाखांच्या आसपास, कुत्र्याच्या नाकात 10 कोटींच्या कितीतरी वर. आपण शिकवायचं एवढंच, की अमुक वास सापडला की चेंडू मिळतो.

झाकणाला भोकं पाडलेले चार सारखे डबे घ्या. एकातच स्फोटकाचा नमुना ठेवा. चारही डबे नव्या हातमोज्यांनीच हाताळा, नाहीतर कुत्रा तुमच्या हाताचा वास शोधेल. नाक बरोबर डब्यावर टेकलं की त्याच क्षणी, डब्यापाशीच चेंडू पडला पाहिजे. उशीर झाला तर त्याला वाटतं, मागे वळून बघितल्याचं बक्षीस मिळालं. हे पक्कं झालं की बसल्याशिवाय चेंडू देऊ नका. स्फोटकाला पंजा लागून चालत नाही, म्हणून खूण शांत बसण्याचीच.

आता माझी चूक सांगतो. माझी कुत्री शेरी दोन महिने एकदाही चुकली नव्हती. एक दिवस प्रशिक्षकांनी मला न सांगता खोली मांडली. शेरी एका बॅगेपाशी थांबली, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि बसली. बॅग रिकामी होती. रोज नमुना कुठे आहे हे मला ठाऊक असायचं, तिथे माझी पावलं मंदावायची, पट्टा सैल पडायचा. ती बिचारी पट्टा वाचत होती. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, कारण उद्या खऱ्या ठिकाणी याच खुणेवर माणसं विसंबणार होती.

म्हणून नमुना दुसऱ्याने लपवावा आणि खोलीत उभ्या असलेल्या कुणालाही जागा माहीत नसावी. काही खोल्या मुद्दाम रिकाम्या ठेवा. चाल एकसारखी ठेवा.

तिच्याकडे बघायचं ते शिकायला. धापा टाकणारं तोंड एकदम मिटतं, मान झटक्यात वळते, शेपटीची लय बदलते. बसण्याआधीच नाकाने वास पकडलेला असतो. तेव्हा पट्टा ओढू नका, तिच्या मागोमाग जा. उघड्यावर वारा समोरून येईल अशी बाजू धरा. उन्हात धाप वाढली की नाक नीट चालत नाही, पाणी पाजून सावलीत बसवा.

खऱ्या झडतीत तासन्‌तास काहीच सापडत नाही. अशा वेळी परतण्यापूर्वी बाजूला एक नमुना लपवून तिला शोधू द्या. चेंडू तोंडात धरूनच ती गाडीत चढली पाहिजे.