थंडीत तिकोना: चढताना नव्हे, उतरताना सांभाळा

डिसेंबर-जानेवारीत पवना धरणाचं पाणी उंचावरून बघायचं असेल, तर पुणेकरांनी लोहगडाची गर्दी सोडून तिकोना किल्ला धरावा. लोणावळा लोकलने कामशेत, तिथून पवनानगरमार्गे तिकोना पेठ. स्वतःची गाडी असली तर बरं, नाहीतर कामशेतला वाहनाची वाट बघण्यातच सकाळ जाते. भल्या पहाटे निघा. धुकं विरलं की पलीकडचा तुंग किल्ला टोकदार सुळक्यासारखा दिसतो. चढ साधारण तासाभराचा, पण शेवटच्या पायऱ्या चांगल्याच उंच आहेत. दोन्ही हात मोकळे हवेत, त्यामुळे पाण्याची बाटली सॅकमध्येच.

खरी गंमत उतरताना. पावसाळ्यातलं गवत वाळून आडवं झालेलं असतं आणि खाली सुटा मुरूम, म्हणजे घसाऱ्याची पूर्ण तयारी! गुडघे किंचित वाकवा, छोटी पावलं टाका, पाऊल सपाट टेकवा. झिजलेल्या तळाचे बूट घरीच राहू द्या. जाड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घाला, चढताना घाम येतोच. कड्याला आग्या मोहोळ दिसलं तर अत्तर, धूर, आरडाओरडा काही नको. गुपचूप पुढे सरका.