कॉलेजातला रनिंग बॅक एनएफएलमध्ये टिकेल का? पारख कशी करावी

अमेरिकन फुटबॉलमध्ये रनिंग बॅक म्हणजे चेंडू घेऊन धावणारा खेळाडू, आणि एनएफएल म्हणजे तिथली व्यावसायिक लीग. २०११ च्या हंगामात अलाबामा विद्यापीठाचा रनिंग बॅक ट्रेंट रिचर्डसनने १,६७९ यार्ड काढले आणि चेंडू घेऊन धावत २१ टचडाउन केले, म्हणजे २१ वेळा चेंडू समोरच्या टोकाच्या पट्ट्यात नेला. पुढच्या वर्षी क्लीव्हलँड ब्राउन्सने त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने कॉलेजातले खेळाडू निवडतात त्यात, तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. एनएफएलमध्ये तो तीनच हंगाम खेळला आणि दर धावेमागे (चेंडू घेऊन एकदा धावणं म्हणजे एक धाव) त्याची सरासरी राहिली ३.३ यार्ड. अलाबामात त्याच्यासाठी वाट मोकळी करणाऱ्यांपैकी चान्स वॉर्मॅक आणि डी. जे. फ्लूकर हे दोघे २०१३ च्या ड्राफ्टमध्ये १०व्या आणि ११व्या क्रमांकावर गेले. म्हणजे ज्या भिंतीआडून तो पळत होता, ती भिंतच एनएफएलच्या तोडीची होती. म्हणून एकूण यार्डांचा आकडा मी सगळ्यात शेवटी बघतो.

सामने आधी निवडा. कमकुवत संघाविरुद्धची २०० यार्डांची दुपार बाजूला ठेवा. तगड्या बचावाविरुद्धचे तीन-चार सामने घ्या, त्यातला किमान एक त्याचा संघ हरलेला असू द्या.

आता वहीत दोन रकाने आखा: लाइनने, म्हणजे पुढे वाट मोकळी करणाऱ्या फळीने, दिलेले यार्ड आणि त्याने स्वतः कमावलेले यार्ड. क्वार्टरबॅकने (आक्रमण चालवणारा, पास फेकणारा खेळाडू) चेंडू हातात दिला की व्हिडिओ थांबवा आणि समोर किती फट आहे ते बघा. मग पुढे चालवा आणि पहिला बचावपटू त्याला गाठतो तिथे पुन्हा थांबवा. तिथपर्यंतचं श्रेय बहुतेक लाइनचं. त्या बचावपटूला हुलकावणी देऊन किंवा धडक पचवून जे मिळालं, ते रनिंग बॅकचं. काम कंटाळवाणं आहे, पण एका सामन्यातल्या वीसेक धावा अशा तपासल्या की माणूस कळायला लागतो. गाजलेल्या क्लिपांमध्ये सत्तर यार्डांच्या धावा असतात. मी दोन यार्डांच्या धावा बघतो: जिथे लाइन कोसळली, मागेच पकडला जायला हवा होता, आणि तरी तो कसाबसा पुढे पडला. एनएफएलमध्ये अशा धावा रोजच्याच.

त्याच वेळी पायांकडे लक्ष द्या. चेंडू मिळाल्याबरोबर डोकं खाली घालून घुसतो, की क्षणभर दम धरून फट उघडू देतो? दिशा बदलताना एका पावलात वळतो, की तीन-चार बारीक पावलं टाकून वेग घालवतो?

यापुढची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ तिथेच द्यायला हवा. तिसरा डाउन (दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी तिसरा) आहे, आठ यार्ड हवे आहेत, पास होणार हे सगळ्यांना ठाऊक आहे. चेंडू रनिंग बॅककडे नाही, तरी तुम्ही त्याच्यावरच नजर ठेवा. धावत येणारा लाइनबॅकर (बचावाच्या मधल्या फळीतला खेळाडू) त्याला वेळेत दिसला का? दोघे एकदम आले तर क्वार्टरबॅकच्या जास्त जवळ असलेल्या आतल्याला आधी अडवतो का? गुडघे वाकवून दोन्ही हात त्याच्या छातीवर रोवतो, की नुसता खांदा फेकून जमिनीवर पडतो? जो क्वार्टरबॅकला वाचवू शकत नाही, त्याला प्रशिक्षक अशा वेळी मैदानावर ठेवत नाहीत.

झेल घेणंही इथेच बघा. चेंडू हातांनी टिपतो की छातीवर घेतो? अल्विन कमाराने टेनेसी विद्यापीठात दोन हंगामांत फक्त २१० वेळा चेंडू घेऊन धाव घेतली होती, पण झेल ७४ होते. २०१७ मध्ये न्यू ऑर्लिन्स सेंट्सने त्याला ६७व्या क्रमांकावर घेतलं. पहिल्याच हंगामात त्याने ८१ झेल घेतले आणि आक्रमणातला सर्वोत्तम नवोदित ठरला.

फंबल, म्हणजे किती वेळा चेंडू हातातून निसटला ते, मोजा, पण तेवढ्यावरून कुणाला बाद करू नका. रनिंग बॅक टिकी बार्बरने चेंडू छातीजवळ उंच धरायची सवय लावून घेतली आणि एनएफएलमध्ये असताना हा दोष सुधारला.

आता स्टॉपवॉच. इंडियानापोलिसच्या कम्बाइनमध्ये (ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्यांत) ४० यार्ड, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर, पळवतात. नुसती वेळ फसवी असते, कारण हलका माणूस वेगाने पळणारच. त्यासाठी स्पीड स्कोअर काढतात: पौंडांतलं वजन गुणिले २००, भागिले वेळेचा चौथा घात. १०० च्या आसपास म्हणजे ठीक. सेक्वॉन बार्कलीने २०१८ मध्ये २३३ पौंड वजनाने ४.४० सेकंद नोंदवले, स्कोअर सुमारे १२४. ख्रिस जॉन्सनचे २००८ मधले ४.२४ सेकंद त्याहून वेगवान, पण वजन १९७, म्हणून स्कोअर सुमारे १२२. दोघांनीही पुढे एनएफएलमध्ये एका हंगामात २,००० यार्ड ओलांडले. तरी वेगाला अवास्तव महत्त्व देऊ नका. एमिट स्मिथ १९९० मध्ये १७व्या क्रमांकापर्यंत खाली आला, कारण अनेकांना तो संथ वाटला होता. एनएफएल कारकिर्दीत धावून काढलेल्या १८,३५५ यार्डांचा त्याचा विक्रम अजून उभा आहे.

शरीराची झीज तपासा: वय, गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया, कॉलेजात घेतलेल्या धावा. यात ठोकताळा चुकतोही. डेरिक हेन्रीने २०१५ मध्ये एकाच हंगामात ३९५ धावा घेतल्या होत्या, तरी २०२० मध्ये त्याने एनएफएलमध्ये २,०२७ यार्ड काढले.

शेवटी आपलं मत ड्राफ्टच्या आधी, तारीख घालून वहीत लिहा. तीन हंगामांनी तेच पान उघडा आणि कोणत्या रकान्याने तुम्हाला दगा दिला ते तपासा.