स्युडोमोनास आणि बॅसिलस: पेरणीच्या तोंडावर बीजप्रक्रिया, रोपे बुडवणे आणि आळवणी

स्युडोमोनास आणि बॅसिलस हे रोगकारक बुरशीला रोखणारे उपयुक्त जीवाणू. पण मर लागून माना टाकलेल्या झाडाला ते पाजले तरी झाड उठत नाही. मर आणणारी फ्युजेरियम बुरशी एकदा झाडाच्या जलवाहिन्यांत शिरली की उशीर झालेला असतो, कारण या जीवाणूंची वस्ती मुख्यतः मुळांवर आणि त्यांना लागून असलेल्या मातीत असते. तेव्हा हे काम पेरणीच्या आणि रोपवाटिकेच्या वेळीच उरकायचे. बुरशी येण्याआधी मुळावरची जागा जीवाणूंनी धरलेली हवी.

स्युडोमोनास फ्लुरोसन्सच्या वाढीत अतिनील प्रकाशाखाली चमकणारा पिवळसर हिरवा रंग दिसतो. तो रंग म्हणजेच मातीतले लोह पकडून ठेवणारा पदार्थ. लोह मिळेनासे झाले की बुरशीची वाढ खुंटते. चुनखडीयुक्त जमिनीत लोह आधीच कमी उपलब्ध असते, तिथे ही कोंडी चांगली बसते. आम्ल जमिनीत या एका गुणाचा जोर उतरतो. मात्र या जीवाणूचे काही वाण प्रतिजैविकेही सोडतात आणि झाडाची स्वतःची प्रतिकारशक्तीही जागी करतात. बॅसिलस सबटिलिस बुरशीच्या पेशीचे आवरण फोडणारे पदार्थ तयार करतो. दोन्हींमुळे मुळांची वाढ सुधारू शकते, पण त्या भरवशावर खताची मात्रा कमी करू नका.

बियाण्याला शंखजिऱ्याच्या भुकटीतले स्युडोमोनास किलोमागे 10 ग्रॅम लावा. भुकटी चिकटण्यासाठी 1 लिटर पाण्यात 125 ग्रॅम गूळ उकळून पूर्ण थंड करा. कोमट द्रावणातही जीवाणू मरू शकतात. बी ओलसर होईल एवढेच द्रावण शिंपडा, भुकटी टाकून हलक्या हाताने वर-खाली करा, सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. सोयाबीन, भुईमुगाचे बी चोळू नका, साल सुटते. भातासाठी किलोभर बियाण्याला 10 ग्रॅम भुकटी 1 लिटर पाण्यात कालवून बी रात्रभर भिजवा, पाणी निथळून 24 तास मोड येऊ द्या.

रासायनिक बुरशीनाशकाची प्रक्रियाही करायची असेल तर क्रम ठरलेला आहे: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, बी सुकल्यावर शेवटी जीवाणू. तांबेयुक्त बुरशीनाशक आणि स्ट्रेप्टोमायसीन मात्र यांच्याबरोबर नकोतच. आळवणीतही (मुळांशी द्रावण ओतताना) ही रसायने आणि जीवाणू यांच्यात 10 दिवसांचे अंतर राखा. तांबे फवारलेला पंप नुसता विसळून तोच जीवाणूंसाठी वापरणे ही फार नेहमीची चूक आहे.

मिरची, टोमॅटो, वांग्याच्या रोपांची मुळे लावणीआधी लिटरला 10 ग्रॅम भुकटीच्या द्रावणात 20 ते 30 मिनिटे बुडवा. रोपवाटिकेत रोपे कोलमडतात ती बहुधा पिथियम या बुरशीसारख्या जीवामुळे, आणि त्याला साचलेले पाणी हवेच असते. वाफ्याचा निचरा न सुधारता नुसती आळवणी केली तर भुकटी वाया जाते. नळाचे क्लोरीन घातलेले पाणी असेल तर उघड्या भांड्यात रात्रभर ठेवून वापरा.

जमिनीतून देताना हेक्टरी अडीच किलो भुकटी 50 किलो पूर्ण कुजलेल्या शेणखतात मिसळा. खत मुठीत दाबल्यावर लाडू वळावा, पण पाणी गळू नये. ढीग ठेवायचाच असेल तर सावलीत, ओल्या गोणपाटाखाली. कच्चे शेण तापते, आणि त्या उष्णतेत स्युडोमोनास टिकत नाही. जमिनीत वाफसा असताना, संध्याकाळी, मुळांजवळ द्या. कोरड्या, तापलेल्या मातीवर भुरभुरून पावसाची वाट पाहत बसणे व्यर्थ. ठिबकमधून सोडायचे तर द्रवरूप संवर्धकच घ्या आणि मात्रा लेबलवरची ठेवा. शंखजिऱ्याने तोट्या बंद पडतात.

पुडा घेताना दरापेक्षा तारीख आधी बघा. स्युडोमोनासला बॅसिलससारखे कठीण कवचाचे बीजाणू बनवता येत नाहीत, म्हणून तो साठवणीत लवकर मरतो. 3-4 महिन्यांहून जुना, पत्र्याच्या छपराखाली तापलेला पुडा स्वस्त मिळाला तरी सोडून द्या. शंका असेल तर 50 बिया प्रक्रिया करून आणि 50 तशाच, तुमच्याच शेतातल्या मातीत लावा आणि 15 दिवसांनी उभी रोपे मोजा. एका ट्रेवरून शिक्कामोर्तब होत नाही, पण अंदाज येतो.

ट्रायकोडर्मा बरोबर चालेल का, हा प्रश्न हमखास येतो. तो स्वतः बुरशी आहे, आणि बॅसिलसचे बुरशीरोधक पदार्थ त्यालाही दाबू शकतात. दोन्ही वाण एकमेकांना चालतात असे उत्पादकाने लेबलवर दिले नसेल तर एकाच बादलीत कालवू नका. 8-10 दिवसांच्या फरकाने द्या.

आणि मर दिसली म्हणून ती बुरशीचीच असे धरून चालू नका. टोमॅटोचे खोड जमिनीलगत कापून तुकडा स्वच्छ पाण्याच्या ग्लासात उभा लोंबता धरा. काही मिनिटांत दुधी धागा खाली उतरला तर ती जीवाणूजन्य मर आहे. तिथे बुरशीनाशकाचा खर्च फुकट जाईल. असे झाड मुळासकट उपटून शेताबाहेर न्या, आणि त्या ओळीचे पाणी पुढच्या ओळीत वाहू देऊ नका.